खोलीबद्दल काय लिहिलंय?

माझ्या दिवाणखान्यात एका नवऱ्याचा खून झाला आणि तो हजारो लोकांनी तिकीट काढून पाहिला. त्यातल्या एकालाही त्या नवऱ्याबद्दल वाईट वाटलं नाही. सिनेमाचं नाव मी इथे लिहिणार नाही. आमच्या इमारतीने त्याची जेवढी फुकट जाहिरात केली तेवढी त्याच्या निर्मात्यानेही केली नसेल. त्यात मी आणखी भर घालायचं काही कारण नाही.

घडलं ते एवढंच, की एका केसाळ माणसाला खून करायला जागा हवी होती. केसाळ म्हणजे त्या सिनेमाचा कलादिग्दर्शक. केस खांद्यापर्यंत, फक्त ते जिथून सुरू व्हायला हवेत तिथे काही नव्हतं. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी त्याला घेऊन दारोदार हिंडत होता. वरच्या मजल्यावरच्यांनी घर नुकतंच रंगवलं होतं, ते त्याला चाललं नाही. समोरच्या दातांच्या डॉक्टरांचं घर त्याला "फार आनंदी" वाटलं. दात उपटणाऱ्या माणसाच्या घरात ह्याला आनंद कुठे दिसला देव जाणे. आमच्या दारात मात्र तो थबकला. आत आला, खोलीच्या मधोमध उभा राहिला, हळूहळू स्वतःभोवती फिरला. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

"ताई," तो माझ्या बायकोला म्हणाला, "कशालाही हात लावू नका. एक वस्तू हलवू नका. हे मला जन्मात बनवता आलं नसतं."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. मला आश्चर्य वाटलं नाही. त्या खोलीची जुळवाजुळव मी केलेली आहे. शेवाळी रंगाचे पडदे माझ्या आईच्या पसंतीचे. आईची निवड अशी पक्की, की ते पडदे अजून फाटायचं नाव घेत नाहीत. सोफा थोरल्या भावाने घर बदलताना दिलेला, स्प्रिंगा सोडल्या तर नवाच. भिंतीवरचं मोठं घड्याळ माझ्या ऑफिसने दिलेलं, त्यावर कंपनीचं चिन्ह आणि खाली "संकटात आम्ही आहोत" असं छापलेलं. आणि शोकेस. तिच्यात माझी सन्मानचिन्हं, आत्याने दिलेला काचेचा मासा आणि प्लॅस्टिकची फुलं. प्लॅस्टिकच्या फुलांना लोक नावं ठेवतात, पण ती धुता येतात हे कोणी लक्षात घेत नाही.

मी विमा कंपनीत दावे विभागात वरिष्ठ आहे. लोक दावे घेऊन येतात आणि ते का मान्य होणार नाहीत हे मी त्यांना मुद्देसूद कळवतो. अर्ज, हरकत, खुलासा या बाबतीत माझा हात धरणारा आमच्या कचेरीत दुसरा नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं ते माझ्या वेंधळेपणामुळे झालं असं आमच्या इमारतीत काही जण बोलतात.

शूटिंग झालं, केसाळ गेला, आणि काही महिन्यांनी सिनेमा लागला. पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला अख्खी इमारत हजर. पडद्यावर जिना दिसल्याबरोबर सेक्रेटरी उभा राहून ओरडला, "आमचा जिना!" त्या जिन्यावरून तो स्वतः पिशवी घेऊन उतरताना दिसतो. पाठमोरा. डोळ्याची पापणी लवली तर दिसतही नाही. पण तेव्हापासून हा माणूस बोलताना मान थोडी तिरकी करतो आणि "आम्हा कलाकारांना" अशी वाक्याची सुरुवात करतो.

गोष्ट अशी, की एक बाई आपल्या नवऱ्याला दुधातून विष देते आणि तो मरेपर्यंत समोर सोफ्यावर बसून राहते. मग पोलीस येतात आणि दीड तास डोकं खाजवतात. मी दावे विभागातला माणूस. त्या नवऱ्याचा विमा आमच्याकडे असता तर ती बाई दुसऱ्या दिवशी आत गेली असती. पण सिनेमावाल्यांना कोण विचारतं! माझ्या बायकोने मात्र नायिकेकडे पाहिलं नाही, पोलिसांकडे पाहिलं नाही. ती खुर्चीत पुढे सरकून फक्त खोली बघत होती.  दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर उघडायच्या आत म्हणाली, "अहो, खोलीबद्दल काय लिहिलंय?"

काही लिहिलं नव्हतं. नायिकेबद्दल लिहिलं होतं, पावसाच्या दृश्याबद्दल लिहिलं होतं, एका महाशयांनी पार्श्वसंगीतातल्या शांततेबद्दल लिहिलं होतं. खोलीबद्दल अक्षर नाही. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटलं, बाई फुशारली आहे. फुशारायला हरकत नाही, घर माझं असलं तरी पुसते तीच.

इकडे जिन्याखाली वेगळाच बाजार भरला होता. पाणी बंद राहणार, लिफ्ट बंद राहणार अशा सूचना लावायचा जो फळा आहे, त्यावर सेक्रेटरीने "आपला सिनेमा" असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि खाली परीक्षणांचे तारे मांडायला सुरुवात केली. अमक्या पेपरचे तीन, तमक्याचे साडेतीन. तळमजल्यावर गणिताचे एक निवृत्त सर राहतात. त्यांना निवृत्तीनंतर सरासरी काढायला काही मिळालंच नव्हतं. ते रोज संध्याकाळी खडू घेऊन येत आणि दशांश चिन्हानंतर दोन घरांपर्यंत आकडा लिहून टाळ्यांची वाट बघत. टाळ्या पडतही! ज्या माणसांनी सोसायटीच्या सभेत कधी तोंड दाखवलं नाही ती माणसं ऑफिसातून येऊन बूट न काढता फळ्यापुढे उभी राहायची. "तीन पूर्णांक एक दोन? काल तर एक पाच होते!" "तो दीड तारेवाला आला ना मध्ये." "कोण तो? त्याला सिनेमातलं कळतं काय?"

त्या दीड तारेवाल्याला सेक्रेटरीने फोन केला आणि विचारलं, "तुम्ही जिना नीट पाहिलात का?"

एवढ्या सगळ्या गर्दीत परीक्षणातला मजकूर मात्र कोणी वाचत नव्हतं. वाचायची त्यांना सवयच नाही. वर किती तारे आहेत ते बघायचं आणि पेपर घडी घालून ठेवायचा. सिनेमा चांगला की वाईट हासुद्धा प्रश्न नव्हता. सिनेमा आपला, म्हणून चांगला. आणि जो तारा कमी देतो तो विकला गेलेला. आपल्या चार भिंतींची कोणी दखल घेतली की माणसं किती पटकन बावळट होतात हे मी त्या फळ्यापुढे उभा राहून रोज पाहत होतो. मी तिथे फक्त पाहायला जात असे.

मग सरासरी तीनच्या खाली घसरली आणि सरांचा चेहरा पडला. सेक्रेटरीने तातडीची सभा बोलावली. ठरलं असं, की मोबाइलवर जिथे सामान्य प्रेक्षकांना परीक्षण लिहिता येतं तिथे प्रत्येक घराने पाच तारे देऊन लिहायचं. "पण प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहा हं," सेक्रेटरीने बजावलं, "नाहीतर संशय येईल." सगळ्यांनी आपापल्या शब्दांत लिहिलं. "जिना अप्रतिम." "जिन्याने जीव ओतला आहे." "असा जिना होणे नाही." दातांच्या डॉक्टरांनी कठड्याच्या अभिनयाचं खास कौतुक केलं. पिशवी घेऊन उतरणाऱ्या कलाकाराला राष्ट्रीय पातळीवर का डावललं जातं, असा सवालही एका परीक्षणात होता. तो कोणी लिहिला हे सांगायची गरज नाही. दुपारपर्यंत ती सगळी परीक्षणं बनावट ठरवून काढून टाकण्यात आली, आणि "संशयास्पद जिना मोहीम" अशी बातमी कुठल्यातरी वेबसाइटवर झळकली. इमारतीची मान खाली जाईल असं मला वाटलं. उलट त्यांनी ती बातमी छापून फळ्यावर लावली, कारण तिच्यात जिन्याचा फोटो होता.

आता माझ्याकडे येतो. आमच्या ऑफिसात एक जाडजूड, कंटाळवाणा पेपर येतो. त्याचा समीक्षक तारे देत नाही. सरळ लिहितो. गणिताच्या सरांनी त्याला पहिल्याच दिवशी बाद ठरवलं होतं. "तारेच नाहीत तर सरासरीत धरायचं काय?" असा त्यांचा प्रश्न होता. म्हणून ते परीक्षण इमारतीत कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं. सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, डबा उघडा ठेवून.

त्यात खोली होती. चांगली परिच्छेदभर होती. "या चित्रपटाचा खरा नायक कलादिग्दर्शक आहे," असं तो लिहीत होता. "खुनी बाईची खोली त्याने अशी उभी केली आहे की श्वास कोंडावा. ते शेवाळी पडदे, तो कुणीतरी टाकून दिलेला सोफा, विमा कंपनीचं ते अमंगळ घड्याळ, धुवून धुवून रंग उडालेली प्लॅस्टिकची फुलं! इतकी कोंदट, अभिरुचीशून्य आणि जीव नकोसा करणारी खोली प्रत्यक्षात असणं शक्य नाही. ती केवळ प्रतिभेतूनच जन्माला येऊ शकते."

खाली आणखी दोन-तीन ओळी होत्या. त्या मी वाचल्याच नाहीत. माझे कान तापले होते. डबा तसाच बंद केला. अमंगळ घड्याळ! ज्या घड्याळाखाली मी इतकी वर्षं बूट घातले त्या घड्याळाला हा कोण टिकोजीराव अमंगळ म्हणणार? माझा अपमान मी एक वेळ गिळला असता. पण घरी ती वाट बघत होती. रोज विचारत होती. तिला हे कळलं तर ती कोलमडेल. तो कागद मी घडी करून खिशात घातला आणि घरी जाईपर्यंत मनाशी एक दुसरं परीक्षण तयार केलं.

"अहो, खोलीबद्दल काय लिहिलंय?"

"आज लिहिलंय," मी म्हणालो आणि पेपरातून उतरवून आणलंय असं भासवत हातात दुसराच कागद धरून वाचलं. "ऊबदार, जिवंत, सुसंस्कृत खोली. प्रत्येक वस्तूत एका सुखी संसाराची छाया. गृहिणीच्या उत्तम अभिरुचीचा प्रत्यय येतो."

ती आनंदाने उडी मारेल असं मला वाटलं होतं. ती नुसती म्हणाली, "हो का?" थोड्या वेळाने म्हणाली, "परत वाचा बरं." मी परत वाचलं. दुसऱ्या वेळी एक-दोन विशेषणं वाढवली.  त्या दिवशी नीट जेवलीसुद्धा नाही. आनंदाने असं होतं माणसाचं, मी समजू शकतो. जेवण झाल्यावर म्हणाली, "तो पेपर मला द्या. मला स्वतः वाचायचंय."

"ऑफिसात राहिला."

"मग उद्या आणा."

आणि हे दारातून ऐकलं सेक्रेटरीने. तो लिफ्टच्या तक्रारीसाठी आला होता. झालं! "साहेब, खोलीबद्दल आलंय आणि तुम्ही बोलला नाहीत? वहिनी, अभिनंदन! कुठला पेपर? उद्या फळ्यावर लावू. मोठा करून लावू." माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दुसऱ्या दिवशी पेपर "शिपायाने रद्दीत टाकला." तिसऱ्या दिवशी "रद्दीवाल्याकडे चौकशी चालू" होती. सेक्रेटरी मला जिन्यात गाठून सल्ले द्यायचा. "सरळ पेपरच्या कचेरीत जा. जुने अंक मिळतात." गणिताचे सर म्हणाले, "अंक आणा, पण तारे किती ते विचारून या."  बायको तर संध्याकाळी मी आलो की नुसती माझ्या हाताकडे बघायची. ते मला सहन होईना.

तेव्हा माझ्या डोक्यात ती कल्पना आली. समीक्षकाने एक चूक केली होती. खोली कलादिग्दर्शकाने उभारली असं त्याने लिहिलं होतं. हे धडधडीत खोटं! आणि चूक सापडली की दावा कसा कोसळतो हे मला कोणी शिकवायला नको. खोली खरी आहे, तिथे सभ्य माणसं राहतात, हे एकदा पेपरला मान्य करावं लागलं, की ती बाकीची विशेषणं कुठल्या तोंडाने ठेवतील? पायाच काढून घ्यायचा. मी रजा टाकली, अर्ज लिहिला आणि त्या पेपरच्या कचेरीत गेलो.

तिथल्या पहिल्या खिडकीवर मला विचारलं, "जाहिरात?" मी म्हणालो, दुरुस्ती. त्यांनी दुसऱ्या मजल्यावर पाठवलं. दुसऱ्या मजल्यावर एका बाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि आवाज एकदम मऊ केला. "कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही."

"मग फोटो कशाला आणलाय?"

"तो खोलीचा आहे. मला दुरुस्ती करायची आहे."

"असं होय. निधन आणि दुरुस्ती एकाच खिडकीत असतात. बसा. साहेब निधनं आटोपून येतील."

साहेब आले. कपाळावर चष्मा, नाकावर दुसरा चष्मा. मी अर्ज पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि मान हलवली. "मत बदलत नाही. समीक्षक म्हणाला वाईट, तर वाईट. आम्ही फक्त माहिती बदलतो."

"माहितीच चुकली आहे," मी म्हणालो. "दुसरा परिच्छेद वाचा. सदर खोली ही कलादिग्दर्शकाची निर्मिती नसून अर्जदाराची राहती खोली आहे आणि ती गेली बावीस वर्षे आहे त्याच स्थितीत आहे. सबब सदर विधान वस्तुस्थितीला धरून नाही."

साहेबांनी पुन्हा वाचलं. कपाळावरचा चष्मा खाली ओढून आणखी एकदा वाचलं. "ही खोली खरी आहे?"

"विजेचं बिल जोडलंय."

"ती शोकेस खरी आहे? तो मासा?"

"आत्याने दिलाय."

साहेब खुर्चीतून उठले आणि दारातून ओरडले, "अरे, इकडे या! ती खोली खरी आहे!" बघता बघता टेबलाभोवती माणसं जमली. सगळ्यांनी सिनेमा पाहिला होता. सगळे आळीपाळीने फोटोकडे आणि माझ्याकडे बघत होते. निधनवाल्या बाईसुद्धा आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या मिसेस बऱ्या आहेत ना?" एका तरुणाने विचारलं, "दूध तुम्ही स्वतः तापवता का?" मी वरिष्ठ अधिकारी आहे. मला असल्या प्रश्नांची सवय नाही. मी ताठ बसून राहिलो आणि म्हणालो, "दुरुस्ती छापणार की नाही?"

"छापणार म्हणजे काय!" साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. "माहितीची इतकी शुद्ध चूक आम्हाला कित्येक दिवसांत मिळाली नव्हती. परवाच्या अंकात घेतो."

मी कचेरीतून बाहेर पडलो तो विजयी मुद्रेने. वाटेत सेक्रेटरी भेटला. त्याला सांगितलं, परवाच्या अंकात खोलीबद्दल पुन्हा येणार, पेपरने स्वतः दखल घेतली आहे. आता हे त्याला सांगायची काय गरज होती, असं कोणी विचारेल. चार दिवस मी मूग गिळून फिरत होतो. माणसाला एखाद दिवस मान वर करावीशी वाटतेच की!

तो अंक निघाला त्या दिवशी सेक्रेटरीने त्या पेपरचा गठ्ठाच मागवला. जिन्याखाली खुर्च्या मांडल्या. पहिल्या खुर्चीवर माझ्या बायकोला बसवलं, हातात फूल दिलं. मला शेजारी. "आम्हा कलाकारांना," त्याने मान तिरकी करून सुरुवात केली, "दाद मिळते, पण आज एका गृहिणीला दाद मिळते आहे." पेपर उघडला, पानं उलटली, कोपऱ्यातली चौकट शोधली आणि खड्या आवाजात वाचायला लागला.

"दुरुस्ती. गेल्या सोमवारी प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात खुनी बाईची कोंदट, अभिरुचीशून्य आणि जीव नकोसा करणारी खोली ही कलादिग्दर्शकाची निर्मिती असल्याचे म्हटले होते. ती वस्तुतः..." इथे त्याने माझं संपूर्ण नाव वाचलं, वडिलांच्या नावासकट. "...यांची राहती खोली असून ती गेली बावीस वर्षे आहे त्याच स्थितीत आहे, असे त्यांनी स्वतः पुराव्यानिशी कळवले आहे. चुकीबद्दल आम्ही दिलगीर आहोत."

वाचताना त्याचा आवाज शेवटपर्यंत खडा राहिला, कारण वाचायचं आणि समजून घ्यायचं ही दोन कामं तो एकदम करत नाही.  मग मागून कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच. दातांच्या डॉक्टरांना तर ठसका लागला. गणिताचे सर तेवढे गंभीर होते. "पण यात तारे किती धरायचे?" त्यांनी विचारलं.

माझी पाचावर धारण बसली. बायकोकडे बघायची हिंमत होईना. ती उठली, फूल खुर्चीवर ठेवलं आणि जिना चढून गेली. तोच तो अप्रतिम जिना. मी मागोमाग गेलो.

"सोमवारचा पेपर द्या," ती दिवाणखान्यात उभी राहून म्हणाली.

"अगं, तो माणूस मूर्ख आहे. तू मनाला लावून—"

"द्या."

मी खिशातून घडी काढून दिली. ती सोफ्यावर बसली आणि वाचायला लागली. मी दारातच उभा राहिलो. आता ही रडेल, मग मी काय म्हणायचं, याची जुळवाजुळव मनात चालू होती. तिने सगळं वाचलं. मग वर बघितलं.

"शेवटच्या ओळी वाचल्यात तुम्ही?"

"नाही."

"ऐका. 'या खोलीतली एकही वस्तू तिथे राहणाऱ्या बाईने निवडलेली नाही, हे आत पाऊल टाकताच कळतं. खुनाचं कारण सांगायला दिग्दर्शकाने पाऊण तास घेतला आहे. खोली ते पहिल्याच मिनिटाला सांगते.'"

आणि ती हसली. खुदकन नाही, चांगली पोट धरून हसली. डोळे पुसले आणि पुन्हा हसली. 

"बरं वाटलं हो," ती म्हणाली. "फार बरं वाटलं."

"बरं? यात बरं वाटण्यासारखं काय आहे?"

"या खोलीत माझा जीव गुदमरतो, असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलंय. पडदे बदलू या म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, काय वाईट आहे यात? सोफा नको म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, काय वाईट आहे यात? किती वेळा विचारलं असेल मी! मग मी विचारायचं सोडलं. आणि मग तो केसाळ आला. सिनेमाचा माणूस, सगळं जग बघितलेला. तो म्हणाला, कशालाही हात लावू नका. त्या दिवशी मी हरले. म्हटलं, आपलीच नजर फुटकी. एवढा मोठा माणूस डोळ्यांत पाणी आणून सांगतोय."

"पण मग तू रोज विचारत होतीस ते..."

"कोणीतरी एक जण माझ्या बाजूने आहे का, ते बघत होते. आणि तुम्ही काय वाचून दाखवलंत? गृहिणीची उत्तम अभिरुची!"  "ते ऐकून माझ्या घशाखाली घास उतरला नाही. म्हटलं, आता हे माझ्या नावावर लागलं. हे घड्याळ, हा मासा, सगळं माझ्या नावावर."

 चांगल्या हेतूने केलेल्या कामाचं असं व्हावं याचं मला अतिशय वाईट वाटलं. त्या माशात नेमकं वाईट काय आहे हे मला आजही कोणी पटवून दिलेलं नाही.

"तसा माणूस हुशार आहे," ती कागदावरून हात फिरवत म्हणाली. "एक चूक मात्र राहिलीच त्याची."

माझे कान टवकारले. "कुठली? अजून मुदत आहे. अर्ज करता येईल."

"नवरा अजून जिवंत आहे."

एवढं बोलून ती उठली, केस मागे बांधले आणि खोलीच्या बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. हळूहळू स्वतःभोवती फिरली आणि एकेका वस्तूकडे बोट करायला लागली. "हे पडदे काढायचे. हा सोफा काढायचा. हे घड्याळ काढायचं. ही शोकेस अख्खी काढायची, आतल्या फुलांसकट." मी प्रत्येकाला मान हलवली. दुसरं करता काय येणार? फिरत फिरत ते बोट दारापाशी आलं आणि माझ्यावर थांबलं.   खाली जिन्याखाली अजून हसण्याचा आवाज येत होता. ती डोळे बारीक करून माझ्याकडे बघत होती आणि खरोखरच विचार करत होती.

"तुमचं नंतर बघू," शेवटी ती म्हणाली. "आधी पडदे उतरवा."

काय वाईट आहे यात, हे अगदी माझ्या ओठांवर आलं होतं. मी स्टूल आणायला गेलो.